कडी लागनी का?

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या केळी संस्थेचे चेअरमन आदरणीय लीलाधरभाऊ. जळगावहून एवढ्या उन्हात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या सन्माननीय सुनंदाताई. व्यासपीठावरचं सन्माननीय संचालक मंडळ. आजचे सत्कारमूर्ती, या संस्थेचे सगळ्यात जुने ट्रॅक्टर ड्रायव्हर आणि माझे सासरे अभिमन आबा. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बळेबळेच बसवलेल्या माझ्या सासूबाई भिकुबाई. आणि यार्डातले, पॅकिंग शेडमधले, बागांमधले माझे सगळे सोबती. तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी ज्योती. संस्थेची ट्रॉली चालवते. बोलायची सवय नाही. समोर केळीने भरलेली ट्रॉली असती तर बरं झालं असतं, ती निदान टाळ्या तरी वाजवत नाही. तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी आबांचे गुण सांगितले. वक्तशीरपणा, निर्व्यसनीपणा, नम्रता. लीलाधरभाऊ म्हणाले, आबांच्या ट्रॉलीतली केळी कधी काळी पडली नाहीत. खरंच आहे. केळीला धक्का लागला तर ती त्या दिवशी काही बोलत नाही, दोन दिवसांनी तिच्या अंगावर काळा डाग उमटतो. आबा सांगतात की माणसाचंही तसंच आहे. पण आबांनी मला जे शिकवलं, ते यापेक्षा वेगळं आहे. त्यांनी मला घाबरायला शिकवलं. हसू नका, सांगते.

तीन वर्षांपूर्वी माझे पती स्वप्नील गेले. हे इथे सगळ्यांना माहीत आहे, पाहुण्यांसाठी सांगितलं. तेही याच संस्थेत ड्रायव्हर होते. संस्थेने मोठ्या मनाने मला विचारलं, पॅकिंगला बसतेस का? मी म्हटलं, ट्रॉली द्या. का म्हटलं ते माझं मलाच कळलं नव्हतं. सासूबाईंनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. आणि आबा? त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराच्या मोकळ्या मैदानात पोरांकडून रिकामी ट्रॉली जोडून घेतली आणि स्वतः खाली उभे राहिले.

ट्रॉली मागे घेणं ज्यांनी केलेलं नाही त्यांना काय सांगू? स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ती उजवीकडे जाते. उजवीकडे फिरवलं की डावीकडे. आमच्या घरातही असाच एक माणूस होता, त्यामुळे मला वाटलं की जमेल. नाही जमलं. ट्रॉली वाकडी होऊन ट्रॅक्टरच्या अंगावर यायची, माझे तळहात घामाने निथळायचे, क्लचवरचा पाय असा लटलट कापायचा की पायातली चप्पल खाली पडायची. बघायला जमलेले लोक सल्ले द्यायचे. आबा त्यांना हाताने गप्प करायचे आणि मला म्हणायचे, "हात खाले धर बेटा. स्टिअरिंग खालतून धर. मंग जिकडे हात जाई, तिकडे ट्रॉली जाई."

आबा मूळचे नरडाण्याकडचे. उभी हयात या यावल तालुक्यात काढली, पण जिभेवरची अहिराणी काही सुटली नाही. इथल्या लोकांनी त्यांना सुरुवातीला फार चिडवलं, नंतर त्यांचेच शब्द उचलले. आज आपल्या यार्डात कुणी 'सगळे' म्हणत नाही, 'बठ्ठा' म्हणतात. ही आबांची कमाई.

तर मी शिकले. आणि पहिल्यांदा भरलेली ट्रॉली घेऊन बागेतून निघाले. वाटेत फाट्याचं वळण येतं. तेच वळण, जिथे स्वप्नील गेले. तिथे आले आणि माझा पाय ब्रेकवर दाबला गेला तो उचलेचना. मागे टेम्पो, मोटारसायकली, हॉर्नवर हॉर्न. मी आरशात पाहिलं तर ट्रॉलीच्या मागे, धुळीत, सायकलवर आबा! मला न सांगता बागेपासून मागे आले होते. पुढे कळलं, तो सगळा हंगाम ते माझ्या प्रत्येक फेरीला असेच मागे येत होते. संस्थेच्या हजेरीत याची नोंद नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

आबा जवळ आले. ट्रॅक्टरवर चढले नाहीत. तीन वर्षांत ते एकदाही चढलेले नाहीत, हेही तुम्हाला माहीत आहे. खालून म्हणाले, "उतर. ट्रॉलीले हात लाईसन ये." मी उतरले. हुकाच्या पिनेला हात लावला, चाकांना लावला, मागच्या फळीला लावला, फेरी मारून परत आले. सगळं जागच्या जागी होतं. मी म्हटलं, आबा, पाय थरथरतोय. ते म्हणाले, "थरथरू दे. पाय थरथरस तरी ब्रेक लागस." मागचा टेम्पोवाला ओरडत होता. आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो आपणहून गाडी बंद करून तंबाखू मळत बसला.

आजही मी त्या वळणावर थांबते. उतरते, हात लावते, चढते. नवीन ड्रायव्हर विचारतात, बाई, भीती कधी जाते? ती गेलेली नाही. पण तिच्यासकट माल शेडला पोचतो.

आता मला एक वेगळी गोष्ट बोलायची आहे. अध्यक्ष महोदय, आपली परवानगी गृहीत धरते. हे घरी बोलायला हवं होतं हे मला कळतं. पण घरी मी विषय काढला की आबा पायात चप्पल घालून बाहेर पडतात. तीन वर्षं हेच चाललंय. आज त्यांच्या अंगावर शाल आहे, मांडीवर नारळ आहे, गळ्यात हार आहे. कुठे जातील? आणि उद्या सकाळच्या गाडीने आबा आणि सासूबाई कायमचे नरडाण्याला चाललेत. या रस्त्यावर त्यांना आता राहवत नाही. तेव्हा आज नाही तर मग कधी?

सुनंदाताई, तुमच्यासाठी थोडं समजावून सांगते. ट्रॅक्टरला उजव्या पायाशी ब्रेकचे दोन पाय, म्हणजे पेडल, असतात, एकेका बाजूच्या चाकाचा एकेक. शेतात बांधाशी वळताना ते सुटे ठेवतात, म्हणजे एकच चाक धरून जागच्या जागी वळता येतं. रस्त्यावर येताना मात्र दोन्ही एका कडीने जोडायचे. कडी राहिली आणि भरधाव गाडीत ब्रेक दाबला, तर एकच चाक धरलं जातं, ट्रॅक्टर गर्रकन फिरतो आणि मागची भरलेली ट्रॉली त्याला लोटून देते.

म्हणून आपल्या यार्डात आबांनी एक पद्धत पाडली होती. गाडी निघताना खालच्या माणसाने ओरडून विचारायचं, "कडी लागनी का?" आणि वरच्याने म्हणायचं, "लागनी!" बारा गावच्या बागांमधून हा पुकारा व्हायचा. रावेरकडचे व्यापारीसुद्धा गमतीने चहा पिऊन उठताना एकमेकांना विचारायचे, कडी लागनी का?

स्वप्नील गेले त्या दिवसापासून आबांनी हा प्रश्न विचारलेला नाही. ट्रॅक्टर सोडला, आणि माझ्या मागे सायकलवर यायचे तेवढ्या फेऱ्या सोडल्या तर यार्डाच्या फाटकावर उभे राहिले. निघणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरशी स्वतः वाकायचे, कुणाला काही न विचारता हाताने कडी लावायचे किंवा लागलेली असली तर चाचपायचे, मगच गाडी सोडायचे. काही पोरं वैतागायची. म्हणायची, आबा, आमच्यावर भरवसा नाही का? आबा गुडघे धरून उठायचे आणि पुढच्या गाडीकडे जायचे.

ते का, ते मला माहीत आहे. दहाव्याच्या दिवशी लोक पांगल्यावर आबा ओट्यावर बसून भिंतीला म्हणाले होते, "कडी मीच उघडी व्हती." मी आतून ऐकलं. एवढंच. त्यानंतर त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत.

आबा, खरं आहे ते. त्या सकाळी बागेत रोटाव्हेटर तुम्ही मारला. बांधाशी वळण्यासाठी कडी तुम्हीच उघडली. मग ट्रॉली जोडली, माल भरला आणि गाडी स्वप्नीलच्या ताब्यात दिली. पण मी तिथे होते आबा. डबा घेऊन आले होते. तुम्हाला तिथली सगळी माणसं आठवत असतील, मी आठवते का? मी आंब्याखाली उभी होते.

तुम्ही विचारलं होतं. तुम्ही विसरला नव्हता. खाली उभं राहून, नेहमीच्या आवाजात विचारलंत, "कडी लागनी का?" आणि ते म्हणाले, "लागनी!" खाली न बघता म्हणाले. कारण त्या वेळी ते माझ्याकडे बघत होते. डब्यात भरीत आहे का, ते खुणेने विचारत होते. मी मान हलवली, ते हसले, आणि गाडी गेली.

सासूबाई, रडू नका. नाहीतर मला पुढे बोलता येणार नाही.

तीन वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. गेलेल्या माणसाची चूक होती असं त्याच्या बायकोने कसं म्हणायचं? कुणाच्या तोंडून हे आलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. पण आज म्हणते. चूक त्यांची होती. आणि ती एकट्याची नव्हती. आपण सगळेच तसं म्हणत होतो. प्रश्न संपायच्या आत "लागनी" म्हणायचो, राम राम म्हटल्यावर राम राम म्हणावं तसं. इथे बसलेल्या ड्रायव्हरांपैकी किती जण दर वेळी खाली बघत होते? हात वर करू नका, खोटं बोलावं लागेल.

आबा, प्रत्येक नव्या ड्रायव्हरला तुम्हीच सांगायचात, "जो वर चढी, त्यानी कडी देखानी. खालेना माणूस फक्त इचारी." नियम तुमचाच. तुमच्या नियमाने तुमचं काम तुम्ही केलं होतं. माझ्या नवऱ्यावर माझं फार प्रेम होतं, आजही आहे, पण त्यांचं ओझं तुम्ही नरडाण्याला घेऊन जाऊ नका. ते इथे ठेवा. मी आहे ना इथे.

बाहेर तुमचा ट्रॅक्टर उभा आहे. पोरांनी काल दिवसभर धुतलाय, झेंडूचे हार घातलेत, ट्रॉलीला केळीचे खांब बांधलेत, गादी टाकलीय. आपल्याकडे निवृत्त होणारा ड्रायव्हर स्वतःची गाडी स्वतः चालवत घरी जातो, अशी रीत आहे. तुम्ही ऑफिसात सांगितलंत की मी पायी जाईन. ठीक आहे, चालवू नका. मी चालवते. तुम्ही आणि सासूबाई ट्रॉलीत बसा. वाट फाट्यावरूनच जाते, दुसरी नाही. मी तिथे थांबेन, उतरेन, हात लावेन, तुम्हाला माहीतच आहे. पाय थरथरेल. थरथरू दे.

आता आभार. संस्थेने एका बाईच्या हाती ट्रॉली दिली, त्याबद्दल अध्यक्ष महोदयांचे आणि संचालक मंडळाचे आभार. सुनंदाताई, आपण आलात, आमचं घरगुती रडणं ऐकून घेतलंत, आपले आभार. मंडप घालणाऱ्यांचे, आणि ज्यांनी एवढा वेळ जेवण झाकून ठेवलं त्यांचेही. बोलण्याच्या भरात वडीलधाऱ्यांसमोर जे बोलू नये ते बोलले. गेलेल्या माणसाबद्दल बोलले. सगळ्यांनी लहान समजून पोटात घाला. आबा, तुम्हीसुद्धा.

एकच राहिलं. मी आता जाऊन सीटवर बसते. आज वाकायचं नाही आबा, गुडघे दुखतात तुमचे. खाली उभं राहून फक्त विचारा, पूर्वीसारखं. वेळ लागला तर लागू दे, बँडवाले थांबतील, जेवणही थांबेल. तुम्ही विचारल्याशिवाय मी गाडी हलवणार नाही. आणि तुम्ही विचारलंत, की मी आधी खाली बघेन, कडीला हात लावेन आणि मगच उत्तर देईन.