आत ओढलेला 'हो'

अगं, तू नुसतं ऐक! काल इथं नॉर्वेत, बर्गनच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा नि आजी बसलेले. आजोबांना गाडीचं लायसन्स नवं करायला डॉक्टरांचा दाखला हवा होता. मी फोनमध्ये डोकं घातलं, पण कान तिकडेच!

"हाल्वोर, डॉक्टर विचारेल, नीट दिसतं का. हो म्हण, संपलं."

"परवा ती सायकलवाली पोरगी मला दिसली नाही, सोल्वी."

"वाचली ना ती?"

"तू ओरडलीस म्हणून."

"मग मी रोज ओरडेन. माझी बहीण फ्योर्डच्या, त्या खाडीच्या पार टोकाला अंथरुणावर आहे. तिथं बस जात नाही."

"मी जन्मभर विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवलं. खोटं बोलू नये म्हणून पुस्तकं लिहिली."

"आणि मी ती टाइप केली. तू खरं बोललास, तुझ्या मित्राची, आर्नेची नोकरी गेली. परत कधी जेवायला आला तो? दमले रे मी तुझ्या खऱ्याला."

"मीही दमलोय."

"मग म्हण हो. पण ते श्वास आत ओढून नको. सगळं गाव तसं 'हो' म्हणतं, पण तू म्हणतोस तेव्हा तुझ्या मनात 'नाही' असतं."

दार उघडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ये हाल्वोर. नीट दिसतंय ना?"

आजोबांनी श्वास आत ओढला. "हो."

दार लागलं. आजी दाराकडेच बघत बसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरी, तू सायकलनं जातेस का गं?"

सायकलचं हेल्मेट माझ्या मांडीवरच होतं! आता सांग, तू असतीस तर ते दार वाजवलं असतंस?