मांगिसवरून बोलणारा दुरियान

कलसुम: अहो, कुऱ्हाड कशाला काढलीत? सरपण तर कालच फोडून झालं.

देरामान: सरपणाचा प्रश्नच नाही. आज या दुरियानाच्या झाडाला जाब विचारायचा आहे. पाच वर्षे झाली, एक फूल म्हणून धरलेले नाही. माझे वडील अशा झाडाला रीतसर दम देत असत. तू जरा बाजूला उभी राहा.

कलसुम: आणि शेजारच्या मांगिसच्या झाडावर कोण चढून बसलंय? ती लुंगी माझ्या भावाची आहे.

देरामान: तो लेमान नव्हे. म्हणजे आहे, परंतु तूर्त नाही. दुरियानाच्या खोडावर कोणाला चढता येत नाही, म्हणून त्याचे म्हणणे शेजारच्या झाडावरून माणसाने मांडायचे, अशी पद्धत आहे. तुलाही ती ठाऊक आहे.

कलसुम: ठाऊक नसायला काय झालं? झाड म्हणतं, ‘देतो, देतो, मारू नका,’ आणि सगळे घरी जाऊन भात खातात. उरका लवकर.

देरामान: आणि तीनदा विचारूनही झाड ‘देतो’ म्हणाले नाही, तर ते खरोखर तोडावे लागते. एकदा कुऱ्हाड टेकवली की उत्तर घेतल्यावाचून ती घरी नेता येत नाही.

लेमान: भाऊजी, इथं तांबड्या मुंग्यांचं घरटं आहे. सुरू करा.

देरामान: हे वृक्षा! आमच्या तीर्थरूपांनी स्वहस्ते लाविलेल्या, वाढविलेल्या, आणि अलीकडे नुसत्याच उभ्या राहिलेल्या वृक्षा! हा पहिला घाव हळू घालतो. फळ देणार आहेस की नाही? नसशील देणार, तर तुला आडवा करीन!

लेमान: नाही देणार!

कलसुम: अगं बाई! हे कसलं झाड?

देरामान: का बरे देणार नाहीस? कारण सविस्तर कथन कर.

लेमान: कारण माझे पाय... माझी मुळं ओली आहेत. बारा महिने ओली. मला फुलायच्या आधी एक कोरडा महिना लागतो. चांगली कडकडून तहान लागावी लागते. त्याशिवाय मला... पुढचं काय होतं, भाऊजी?

देरामान: झाडाने ‘भाऊजी’ म्हणू नये!

लेमान: हां. त्याशिवाय मला मोहोर सुचत नाही. आणि इथं तर माझ्या बुंध्याशी कांकुंगच्या भाजीचा पाट. ती भाजी इथून हलवा. आई गं, मानेत शिरली!

कलसुम: अस्सं. ‘मोहोर सुचत नाही.’ हे वाक्य लेमानचं नव्हे. लेमानला जन्मात भूक सोडून दुसरं काही सुचलेलं नाही. अहो, तुम्ही पढवून वर चढवलंत त्याला.

देरामान: झाडाच्या म्हणण्यात मी ढवळाढवळ केलेली नाही.

कलसुम: मला तोंडावर सांगायची छाती होत नाही, म्हणून झाडाकरवी निरोप! थांबा. दुरियानाला वकील मिळाला ना? मग कांकुंगतर्फे मी बोलते. कांकुंग आपल्यापुढे हात जोडून... नाही, हात कशाला जोडायचे? कांकुंग कमरेवर हात ठेवून विचारते आहे.

देरामान: कांकुंगला कंबर नसते.

कलसुम: मग तुमच्या दुरियानाला भाऊजी कुठून आला? ए दुरियाना!

लेमान: काय, ताई?

देरामान: ‘ताई’ही नाही!

कलसुम: ऐक. मला पाय पाण्यात लागतात, डोक्यावर ऊन लागतं आणि चार दिवसांनी विळा लागतो, बस. कापलं की मी पुन्हा येते. रुसत नाही. तुला काय काय लागतं, ते सांग.

लेमान: मला वर्षं लागतात. खोल माती लागते. पाऊस लागतो, पण पाणी साचलेलं चालत नाही. ऊन लागतं, पण वारा सोसत नाही. माझं फूल रात्री उमलतं, म्हणून वटवाघळं लागतात.

कलसुम: म्हणजे नवरदेवच की! वऱ्हाडात वटवाघळंसुद्धा! एवढा थाट करून पाच वर्षांत या घराला काय खाऊ घातलंस? पालापाचोळा. तोही माझ्याच डोक्यावर पाडतोस. रोज संध्याकाळी मिरची आणि सुकट घालून परतलेली, ताटात येते कोण?

लेमान: तू येतेस, ताई. फार छान येतेस.

देरामान: लेमान! तू कोणाच्या बाजूचा आहेस?

लेमान: मला बाजूच उरलेली नाही, भाऊजी. दोन्ही बाजूंनी मुंग्या आहेत.

देरामान: दुसऱ्यांदा विचारतो. हे वृक्षा, भाजी हलविल्यास फळ देशील काय?

कलसुम: भाजी हलायची नाही. हा पाट कोणी खणला, आठवतं का? आपली रोकिया लग्न होऊन सासरी जोहोरला गेली, आणि मी सकाळी उठून नुसती पायरीवर बसून राहायचे. तुम्ही एका शब्दानं समजूत काढली नाहीत. फावडं घेतलंत आणि विहिरीपासून इथवर पाट खणून दिलात. म्हणालात, ‘यात असं काहीतरी लाव, ज्याच्याकडे रोज बघावं लागेल.’

देरामान: म्हणालो होतो.

कलसुम: मग आता?

देरामान: जवळची वाट म्हणून पाट बुंध्यावरून नेला. त्याच वर्षापासून झाड मुके झाले. रोकिया निघताना काय म्हणाली होती? ईदला येईन, आणि दुरियान पडू लागले की येईन. ईदला येते. दुसऱ्या खेपेला निमित्तच राहिले नाही. तिच्या मुलाने आपल्या झाडाचा दुरियान अजून चाखलेला नाही, कलसुम.

कलसुम: हे मला कधी बोलला नाहीत.

देरामान: तू रोज पहाटे त्या पाटात उभी असायचीस, गुणगुणत. कसे बोलणार? म्हणून म्हटले, झाडाकडून वदवून घ्यावे.

लेमान: झाड उतरतंय! झाडाला आता राहवत नाही! लुंगीत शिरल्या, भाऊजी!

कलसुम: अरे, हळू! ती फांदी नको... पडला. नेमका माझ्या कांकुंगमध्ये पडला.

लेमान: पाणी काय गार आहे, ताई! हा पाट कोणी बुजवू नका हो!

देरामान: लेमान, पुन्हा चढ. तिसरा प्रश्न बाकी आहे.

लेमान: मी नाही चढत. हवं तर कुऱ्हाड माझ्यावर चालवा.

देरामान: अरे, उत्तर आले नाही तर मला हे झाड पाडावे लागेल! वडिलांनी सांगितलेली रीत आहे. आणि झाडही त्यांचेच आहे. मी काय करू?

कलसुम: आधी ती कुऱ्हाड नीट धरा. नाहीतर पायावर पडेल. महिनाभर पाणी तोडलं, तर माझी कांकुंग जळून जाईल हो.

देरामान: विहिरीच्या पलीकडे उतारावर नवा पाट खणतो. उद्याच खणतो. कांकुंगच्या काड्या तिकडे खोचू. काडी खोचली की लागते, असे तूच सांगतेस.

कलसुम: आणि नवा पाट वाहता होईपर्यंत सकाळी मी कोणाला पाणी देऊ?

देरामान: मला दे. मी सकाळी दोनदा चहा मागतो, एकदाच मिळतो.

कलसुम: तुम्हाला कोरडंच ठेवलेलं बरं. त्याशिवाय तुम्हाला काही सुचत नाही.

लेमान: मग भात आहे ना आज?

कलसुम: तू आधी माझ्या भाजीवरून ऊठ. अहो, विचारा तिसऱ्यांदा.

देरामान: पण वर उत्तर द्यायला कोणीच नाही.

कलसुम: विचारा म्हणते ना.

देरामान: हे वृक्षा, अखेरचे विचारतो. फळ देशील की नाही?

(कलसुम मांगिसच्या खोडाआड जाऊन उभी राहते.)

कलसुम: देईन. पण फुलं दिसेपर्यंत रोकियाला काही कळवू नका.