बारदानाच्या खोलीतली पोरं

माझं माहेर यावलचं, आम्ही पिंजारी, गाद्या भरणारे, पण लग्नानंतर जळगावला आले न् नवरा लवकर गेला, म्हणून डाळ मिलमध्ये निवडणीला लागले, तूरडाळीतले खडे वेचायचे, बठ्ठ्या, म्हणजे झाडून सगळ्या, बायाच. सगळ्या मला खाला म्हणायच्या, खाला म्हणजे मावशी. काय सांगू तुम्हाला, वीस वर्षं मान खाली घालून काढली न् मग डोळे अधू झाले, खडा दिसेना. मुकादम म्हणे, खाला, आता घरी बसा.

त्याच महिन्यात सुरतेला प्लेग आला. आमच्या गल्लीतली कितीतरी माणसं तिकडे कामाला, ती तोंडाला रुमाल बांधून परत यायला लागली. शाळा बंद, बालवाड्या बंद, शेजारीण शेजारणीचं पोर घेईना, मग बाया कामावर येतील कशा? शेठ काही देव नव्हता, त्याचा दिवाळीचा माल अडकला होता, खोटं कशाला बोलू. पण त्यानं बारदानाची, रिकाम्या पोत्यांची खोली मोकळी केली, चुना मारला, डॉक्टरला रोज फेरी मारायला सांगितलं न् मला विचारलं, खाला, पोरं सांभाळता का? मी म्हटलं, खडा नही दिसत, पोरं दिसतात की.

अठरा पोरं झाली. तिसऱ्या दिवशी सुमन आली, कडेवर दीड वर्षाची मंगल. सुमनचा नवरा कालच सुरतेहून आलेला. बाया उठल्याच, कमल तर ओरडली, ही आत आली तर आम्ही आमची पोरं घेऊन चाललो. सुमन दारातच रडायला लागली, म्हणे, मनी पोर चांगली शे, ताप नाही का काही नाही, कोठे ठेवू हिला? डॉक्टर म्हणाला, आठ दिवस वेगळी ठेवून बघू. मग मीच म्हटलं, द्या, मी घेऊन बसते बाहेर पडवीत. न् आतली अठरा? शेठनं घरून शेठाणीला बोलावलं. ती बिचारी पदर खोचून बसली पोरांत, पहिल्याच दिवशी तिची बांगडी फुटली.

पडवीत बसल्याच्या चौथ्या दिवशी मंगलचं अंग तापलं. खरं सांगते, मी भ्याले. घरी माझे दोन नातू. पोर मांडीवरून उतरवावी वाटली, पण ती माझी ओढणी धरून झोपलेली, कशी उतरवू? डॉक्टर येईस्तोवर बसून राहिले, अल्लाचं नाव घेत. त्यानं काखेत, गळ्याला गाठ आहे का बघितलं, मग कान बघितला न् हसला. म्हणे, कान फुटलाय, बाकी काही नाही.

दुपारी कमलनं मूठभर फुटाणे आणून मंगलच्या हातात ठेवले न् गेली.

साथ निवळली, तसं शेठ म्हणे, खोलीत पुन्हा बारदान टाका. बाया चाळण्यांपाशी बसल्या, पण दुपारपर्यंत एकीनं डाळीला हात लावला नाही. कमल सगळ्यांच्या पुढे. खोली राहिली.

आता तिथं माझी सून बसते, माझ्यानं पोरांमागे धावणं होत नाही. मंगल शाळेत जाते. परवा रस्त्यात समोरून गेली, ओळखलं नाही तिनं, ओळखणार तरी कशी? मैत्रिणीशी भांडत चालली होती जोरजोरात. भांडू द्या. जिती राहो.