गुवाहाटी, मग माण, मग कोची

पुण्याजवळच्या माणमधल्या विमानतिकिटांच्या दुकानात दीपाली खोळंबली होती. तिच्या पुढे, तिकिटं काढणाऱ्या पप्पूसमोर, भिवाजी आणि त्याची बायको रत्नाबाई बसले होते. त्यांच्याकडे भाड्यानं राहिलेल्या दोन पोरींनी आता त्यांना आपापल्या गावी बोलावलं होतं.

"पप्पू, पयलं गुवाहाटी, मग कोची."

"तुमी एकलेच जा. म्हस माझ्याबिगर कुणाला धार काढू देत न्हाई."

"आगं, हनुमंत तुझं लुगडं नेसून बसंल. म्हशीला काय कळतंय!"

"हनुमंतभावजी? लुगडं नेसून?"

"व्हय. कबूल झालाय."

"मग माझंबी काढा तिकीट."

"काकू, गुवाहाटीहून येताना पुण्यात विमान बदलायचं. दोन तासांनी कोचीचं हाय."

"त्ये नको. दुसऱ्या दिवशीचं दे."

"का गं?"

"आदी घरी जाऊन भावजींना बघू की!"