आमच्या वळणावरचा पांढरा मणी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, कासव कुळाच्या कुळमाता आयलीनमावशी, व्यासपीठावरची पाहुणेमंडळी, पालक आणि माझ्या गुणी मुलांनो,

आपल्या रीतीप्रमाणे धरणीपासून ताऱ्यांपर्यंत सगळ्यांचे आभार मघाशीच मानून झाले. राहिल्या आपल्या व्हर्नाबाई. आज त्या शाळेतून निवृत्त होताहेत. मला सवय मक्याचं सूप ढवळायची, भाषणाची नाही, सांभाळून घ्या.

बाईंनी मुलांना पाणी कसं शिकवलं? थेट ओढ्यात उतरवून! प्रत्येक वळणावर एक दगड उलटायचा. खाली किडे वळवळले तर पाणी जिवंत, नोंद म्हणून शिंपल्याच्या मण्यांच्या पट्ट्यात पांढरा मणी ओवायचा. नसले तर जांभळा. आणि पट्टा हाती धरून खोटं बोलायचं नाही, ही तर आपली पूर्वापार रीत. तोच पट्टा आत्ता माझ्या हातात आहे, म्हणून सगळं सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझी नात डेलिया आमच्या घरामागच्या वळणासाठी पांढरा मणी ओवायला निघाली. बाईंनी पट्टा तिच्या हातात दिला. "काय दिसलं ते वाच."

पोरगी मणी मुठीत लपवायला लागली.

"अगं, दातखीळ बसली का?"

"बाई, दगडाखाली काहीच नव्हतं. पण ते आज्जीचं वळण आहे! जांभळा लावला तर ती मला सूप देणार नाही."

हसू नका, ती मला पुरती ओळखते.

संध्याकाळी जांभळा मणी ओवून दोघी माझ्या दारात. डेलियाने पट्टा दोन्ही हातांत धरला. "आज्जी, तुझ्या वळणाचं पाणी मेलंय."

आमच्या संडासाच्या टाकीला तडा गेलेला मला ठाऊक होता. काटकसर म्हणून "पुढच्या वर्षी बघू" करत तीन वर्षं काढली. आणि रोज सकाळी पाण्याचे आभार मानत होते! कोणत्या तोंडाने, सांगा?

तरी मी उसळलेच. "बाई, नातीसमोर माझी लाज काढलीत!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "लोइसताई, जांभळा मणी आता निघायचा नाही. पण खालची ओळ अजून रिकामी आहे."

त्याच महिन्यात नवी टाकी बसली. तरी दगडाखाली दोन वर्षं काही नाही. मी सृष्टिकर्त्याला विनवत राहिले. आणि काल डेलिया गुडघाभर चिखलानिशी ओरडत आली, "आज्जी, किडे! तीन!"

किड्यांसाठी मी आयुष्यात पहिल्यांदा रडले.

बाई, तुमचे उपकार शब्दांत मावत नाहीत. डेलिया, ये बाळा. हा पट्टा घे, मोठ्याने वाच आणि बाईंच्या देखत खालच्या ओळीत पांढरा मणी ओव.

बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. सूप तयार आहे. डेलियाला दोन वाट्या.