पडद्यावरचं वाक्य

हॅलो?… हो आई, मीच. माझ्या फोनवर दुसरं कोण असणार?… काही नाही गं, आवाज बरा आहे. खडूची धूळ गेली असेल घशात… हो, खडू नव्हताच आज. मीच सांगितलं होतं तुला. मग नुसतीच धूळ म्हण.

दुसरीच्या रिकाम्या वर्गात ती मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. शिक्षिका व्हायला अजून अर्धं वर्ष बाकी होतं आणि आज तिचा सराव पाठ होता. पडद्यावर चित्रं दाखवून वाचन शिकवण्याचा. या पाठाच्या कौतुकाने तिने घरच्यांचे कान किटवले होते. आता पडदा समोर कोरा लटकत होता, आणि तिनेच ओढून काढलेली वायर जमिनीवर पडली होती. मुलांना शेजारच्या वर्गात नेऊन बसवलं होतं. भिंतीपलीकडून त्यांचा पाढ्यांचा आवाज येत होता.

नाही झाला पाठ… अगं, नाही झाला म्हणजे नाही झाला. परीक्षक मॅडम पोचल्या तोवर सगळं संपलं होतं… नाही, नाही रागावल्या. उलट पाणी आणून दिलं मला… पाणी कशाला म्हणजे?… आई, अगं ऐक ना. मधे बोलू नकोस, नाहीतर मला सांगताच येणार नाही.

तू देवापुढे बसली होतीस ना सकाळी?… माहीत आहे मला. सगळं नीट चालू व्हावं म्हणून. तर झालं हो सगळं चालू. बंद पडलं असतं तर बरं झालं असतं.

काय झालं… शाळेच्या लॅपटॉपवर माझी फाइल उघडली, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. पोरं खूश! 'बाई, डबे, डबे!' म्हणून नाचायला लागली. मग मी माझा फोनच जोडला पडद्याला… हो, फोनवर जे येईल ते पडद्यावर. भिंतीएवढं… जमलं ना. मलाच माझी पाठ थोपटावीशी वाटली.

मुंगी आठवते का तुला?… तीच ती. ओळीखाली बोट धरून सरकत सरकत वाचते, म्हणून मोठ्या बाईंनी नाव ठेवलं… मोठ्या बाई म्हणजे वर्गशिक्षिका गं. मी छोट्या बाई… हो, हो, तीच. दोन शब्द वाचते आणि तिसरा अडला की घरच्या मांजराची गोष्ट सांगते. सांगितली होती ना तुला, मांजर दुधात पडलं ती?… हसलीस बघ. मीही हसायचे.

तिचे वडील दवाखान्यात होते. रंगकाम करताना शिडीवरून पडलेले… हो, तेच. तू विचारायचीस त्यांचं.

तिने ओठांवरून जीभ फिरवली. पलीकडे आईने चालू असलेला नळ बंद केला. आयांना पुढचं आधीच कळतं की काय, कोण जाणे.

मॅडम फाटकातून आत शिरल्या की मोठ्या बाई मला मेसेज करणार होत्या. म्हणून मी मेसेज बंद केले नाहीत. ट्रेनिंगच्या शिबिरात सरांनी घसा फोडून सांगितलं होतं, फोन जोडायच्या आधी मेसेज बंद करा. मी मान डोलावली होती, आई. सगळ्यांच्या आधी मीच मान डोलावली होती.

तर मेसेज आला. चित्रातल्या हत्तीच्या डोक्यावर, काळ्या पट्टीत… नाही, मॅडमचा नाही. शाळेच्या ग्रुपवर. मोठ्या बाईंनीच टाकलेला.

'मुंगीचे वडील वारले.'

…आई?… आहेस ना?… हो. पडद्यावर. पुढे लिहिलं होतं, काका न्यायला येतायत, तिला काही सांगू नका. पण पट्टीत तेवढंच मावलं. पुढचं मी मग वाचलं.

वाचणारच ना पोरं! मीच शिकवलंय, पडद्यावर अक्षर दिसलं की वाचायचं… कुणी वाचलं काय विचारतेस. तिनेच. सगळ्यांच्या आधी. पहिला शब्द तिचाच ना… एका दमात, आई. बोट नाही, अडखळणं नाही, मांजर नाही. उभी राहून, खणखणीत.

आणि टाळ्या वाजवल्या गं पोरांनी… नाही, त्यांना काय कळतंय! आमच्या वर्गात तसंच आहे, अख्खं वाक्य वाचलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. मुंगीला आजवर कधी मिळाल्या नव्हत्या. ती हसली. पुढचे दात पडलेत तिचे… तसलं हसली.

मग हात वर केला. नवा शब्द आला की हात वर करून अर्थ विचारायचा, तेही मीच लावून दिलंय. 'बाई, वारले म्हणजे काय?'

…मी कुठलं सांगतेय! मी वायर शोधत होते. मागच्या बाकावरच्या मुलीने सांगितलं, 'म्हणजे मेले. माझे आजोबा वारले ना.' अगदी मदत करावी म्हणून. गुणी पोर आहे ती.

शेजारच्या वर्गातला पाढा संपला. पुढचा सुरू झाला.

पोरांच्या टाळ्या थांबल्या. तोवर मी वायर उपटली होती, पडदा कोरा. मुंगी पडद्याकडे बघतेय, माझ्याकडे बघतेय. आणि म्हणते, 'बाई, मी चुकले ना? नेहमीसारखी? परत लावा, मी नीट वाचते.'

…नाही, रडत नाहीये… बरं, रडतेय.

काय सांगणार होते मी?… नाही, तसं नाही सांगितलं… जवळही नाही घेतलं… हो म्हटलं. 'हो गं, चुकलीस' म्हटलं… त्या तोंडाकडे बघून दुसरं काही निघेना.

…बोल ना. रागाव तरी.

काका आले न्यायला. स्कूटरवर पुढे उभी राहून गेली, मला टाटा करत. 'उद्या नीट वाचीन' म्हणाली. आणि मीही हात हलवला. बघ ना, हलवला मी हात.

मला नाही व्हायचं शिक्षिका. संध्याकाळच्या गाडीने येते घरी… नको, समजावू नकोस. इतकी वर्षं देवाचं करतेस तू, हात जोडून पाठवलंस मला, आणि त्याला एक मेसेज दोन मिनिटं अडवता आला नाही?… काय?… परत बोल.

…हो. मेसेज देवाने पाठवला नाही, खरंय… आणि 'हो' मी म्हटलं. देवाने नाही… हो, आई. कळलं.

थांब, काहीतरी आलंय. मोठ्या बाईंचा मेसेज. मुंगीच्या मागोमाग गेल्यात त्या, तिच्या घरी… वाचते. 'मुंगी दाराबाहेर पायरीवर बसली आहे. आत यायला तयार नाही. आईला सांगते, रडू नकोस, मी चुकीचं वाचलंय, छोट्या बाईंना विचार.'

ती हे एका दमात वाचून गेली. वाचून झाल्यावर फोन कानाला लावायचाही तिला विसर पडला. आईचा बारीक आवाज तळहातातून येत राहिला.

…हं. आहे मी… मोठ्या बाई सांगतील तिला. मोठ्या आहेत त्या… हो. नाही ऐकणार त्यांचं. मी म्हटलंय ना चुकलीस, मग माझंच खरं.

जवळच आहे घर. शाळेमागच्या गल्लीत… पण जाऊन काय बोलू?… 'बरोबर वाचलंस'?… एवढंच?… आणि ती जर म्हणाली, तुम्हीच तर…… हो. 'मी चुकले' म्हणायचं. बाई चुकल्या… हं… आणि मग?… मग नुसतं बसायचं. बरं… नाही, नाही शिकवणार काही.

चप्पल सापडत नाहीये… सापडली… गाडीचं मग बघू. नाही येत आज.

तू ठेव ना, आई. माझ्याच्याने नाही ठेववत… देवापुढे बसतेस परत? बस. माझ्यासाठी नको पण. तिच्यासाठी बस.

पलीकडून फोन ठेवला गेला. तिने तो क्षणभर हातात धरला. मग सकाळी करायचं राहून गेलेलं आता केलं. फोन पार बंद केला, टेबलावर ठेवला, आणि रिकाम्या हातांनी शाळेमागच्या गल्लीकडे निघाली.