बाबांची पॉप-अप खिडकी

आमच्या हापूसच्या वेबसाइटची वाट लावली ती आमच्या बाबांनी, दुसऱ्या कुणी नाही. मिठबावात नुकतंच इंटरनेट आलेलं, मी हौसेने साइट बनवली, तर यांचा हट्ट, "दारात इलेल्याक आधी इचारूक व्हया, खंयचे, कोणाचे!" मग काय, टाकली पॉप-अप खिडकी. प्रत्येक पानावर टपकायची: आपलं गाव? आडनाव?

आठवड्याने पुण्याहून पहिला फोन आला. गिऱ्हाईक भडकलेलं. "अहो, ती खिडकी आंबे बघूच देत नाही! मला पेटी हवीय, सोयरीक नाही जुळवायची!"

मी माफी मागतोय तोवर बाबांनी रिसीव्हर ओढून घेतला.

"ता ऱ्हवांदे. तुमी मूळचे खंयचे?"

पलीकडून हताश आवाज आला, "आता ही दुसरी खिडकी कुठून बंद करायची?"